भाकरी आता तू थापायची नाहीस

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

गेल्या खेपेला पिठलं-भाकरी मीच मागितली होती. आई, तू काही बोलली नाहीस. काटवट पुढं ओढलीस आणि सहा भाकऱ्या थापल्यास. त्यातल्या तीन मी खाल्ल्या. रात्री पाणी प्यायला उठलो, तर न्हाणीत दिवा न लावता तू उभी होतीस, गरम पाण्याच्या बादलीत मनगट बुडवून. मी आवाज न करता मागं फिरलो. तेव्हा हाक मारायला हवी होती, ती मारली नाही, हे अजून सलतंय. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहितोय.

येत्या सोमवारपासून सकाळी नऊ वाजता आपल्याकडं स्वयंपाकाला एक ताई येतील. दोन महिन्यांचे पैसे देऊन झालेत. आता नाही म्हणू नकोस.

तुझ्या हाताची चव कमी झाली म्हणून हे केलं, असं मनात सुद्धा आणू नकोस. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून ते रगडून रगडूनच एकजीव करावं लागतं, आणि तो सगळा जोर मनगटावर येतो. प्लेट बसवलेल्या मनगटाला हे झेपणारं नाही, डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय. आणखी एक. निघायच्या दिवशी मी भाकरीची बुट्टी उघडून बघितली. आत ब्रेडचा पुडा आणि टोस्ट होते. मी नसताना तुम्ही काय खाता ते तेव्हा कळलं. दोघांसाठी कशाला चूल, असं तुम्हाला वाटत असेल, पण बाबांची तीन महिन्यांची साखर ८.२ आलीय. ब्रेडवर ती खाली कशी येणार?

ताई मूळच्या खटावकडच्या आहेत. ठरवायच्या आधी मी त्यांच्या घरी जाऊन जेवून आलो. शाळूची भाकरी होती, पापुद्रा अख्खा सुटलेला, सोबत मटकीचं कोरड्यास आणि कच्चा कांदा. तुझ्यासारखी नव्हती, पण आपल्या घरच्यासारखी होती. बाबा, तुमचं सकाळचं नाचणीचं आंबील बंद होणार नाही, ताक घालूनच मिळेल. आई, वर्षाची कांदा-लसूण चटणी तुझ्याच देखरेखीखाली होईल आणि डबा तुझ्याच हाताशी राहील. कशात किती तिखट घालायचं ते तूच सांगायचंस. देवाचा निवद तुला स्वतः करायचा असेल तर कर, त्याला मी आड येणार नाही. फक्त पीठ मळायचं नाही.

परवा इथं पुण्यात मी एकट्यानं भाकरी करायला घेतली. पीठ दोन महिन्यांचं होतं, विरी गेलेली, उंडा थापता थापता कडेनं चिरत गेला. तेव्हा तुझी चानकी आठवली. परातीत उरलेल्या पिठाची तू माझ्यासाठी तळहाताएवढी थापायचीस, आराला उभी करायचीस, आणि फुगली की तूप-गूळ घालून माझ्या हातात द्यायचीस. आपली थोरली ताई रुसायची म्हणून तिलाही एक. विहीर आटली त्या वर्षी तर हुलग्याच्या माडग्यावरच दिवस काढले. घोड्याला हुलगा घालतात, बघ तो कसा पळतो, असं तू सांगायचीस आणि मी वाडगं चाटूनपुसून खायचो. आपल्याकडं काही कमी आहे असं मला त्या वर्षी एकदाही वाटलं नाही. तुझ्या ताटात काय होतं ते मात्र आता आठवायला गेलं तरी आठवत नाही.

आता नीट ऐका दोघंही.

पीठ आठवड्यापुरतंच दळून आणायचं, आणि गिरणीत डबा बाबांनी न्यायचा. आई, जेवण झाल्या झाल्या चहा घ्यायचा नाही, तासभर थांबायचं. डाळी-उसळींतलं लोह चहामुळं अंगाला लागत नाही, आणि तुझं रक्त कमी आहे. उसळीवर लिंबू पिळून घे, त्यानं ते जास्त लागतं. बाबा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचाही भरत नाही. पापड आणि लोणचं त्यातच धरायचं. खर्डा बंद करा म्हणत नाही, बोटाएवढा घ्या. शेपू आवडत नाही हे ठाऊक आहे, मूगडाळ घालून करायला सांगितलीय, दोन घास तरी खा. मंडईत जाल तेव्हा कृष्णाकाठची वांगी दिसली तर आणा, पण पिशवी जड करू नका. आणि आई, ताई यायच्या आत भांडी घासून ठेवायची नाहीत. तू तेच करशील, मला माहीत आहे.

पहिले चार दिवस स्वयंपाकघरात दुसरं कुणी वावरताना तुला जड जाईल. खुर्ची टाकून तिथंच बस. आजीसुद्धा शेवटी उंबऱ्यात बसून तुला सांगायची ना, पाणी अजून घाल म्हणून? नाही पटलं तर महिन्यानं बोलू. मी हट्ट धरणार नाही. पण महिना तरी दे.

पुढच्या शनिवारी रात्री येतोय. कोरेगावचा वाघ्या घेवडा घरात असेल तर सकाळीच भिजत घालायला ताईंना सांग. आठ-दहा तास भिजू दे, ते पाणी ओतून द्यायचं आणि कुकरला अगदी मऊ करायचा. अर्धवट शिजला तर बाबांचं पोट बिघडतं. फोडणी तू घाल. कढई मी उतरवतो.

तुमचा,
धाकटा