अर्धमॅरेथॉनचा सराव हळू पळून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नऊ रात्री गरबा झाला की बडोद्यात पहाटे कमाटीबागेकडे पळणाऱ्यांची गर्दी वाढते. हिवाळ्यातली २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन डोळ्यांपुढे असते. पण डिसेंबरपर्यंत यातल्या अनेकांची नडगी किंवा टाचेमागची शीर धरते. बहुतेक वेळा कारण एकच असते, सराव नको तितक्या वेगात केलेला असतो.

दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र महिने घेतात. दम लागत नाही म्हणून माणूस वेग वाढवतो आणि तो भार अजून तयार न झालेल्या पायांवर येतो. शिवाय रोज तीन-चार तास अनवाणी चवड्यांवर खेळलेला गरबा हीदेखील पोटऱ्यांची मेहनतच आहे. ती हिशेबात धरून दसऱ्यानंतरचा आठवडा फक्त चालावे.

नवख्याने सोळा आठवडे हाताशी ठेवावेत. आठवड्यात दोन दिवस ३० ते ४० मिनिटे आणि रविवारी एकदा लांब पळावे. वेग असा ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर थेट चालायला लागावे. रविवारचे अंतर दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करावे. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी १८ किलोमीटर झाले की पुरे. त्यानंतर अंतर उतरवत निम्म्यावर आणावे. शेवटच्या दहा दिवसांत ताकद वाढत नाही, दुखापत तेवढी होऊ शकते. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेला एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करण्याचा व्यायाम करावा, प्रत्येक पायाने पंधरा वेळा, तीन फेऱ्या. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या एकाच जागी दाबून दुखत असेल, तर पळणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

मनाची तयारीही याच रविवारी होते. १४-१५ किलोमीटरनंतर मन थांबायला कारणे शोधू लागते. तेव्हा उरलेले अंतर मोजू नये; पुढची दहा मिनिटे तेवढी पळायची, मग पुन्हा दहा. हे सरावात, गाणी बंद ठेवून आणि शेवटचा अर्धा तास एकट्याने पळून अंगवळणी पाडावे. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरू नये, त्याच्या आधीच्या रात्रीची झोप मात्र पुरी घ्यावी. सुरुवातीच्या गर्दीत पाय आपोआप उचलतात, म्हणून वेग आधीच ठरवावा. किलोमीटरला साडेसात मिनिटे जमत असतील (म्हणजे एकूण सुमारे २ तास ३८ मिनिटे), तर पहिले पाच किलोमीटर पावणेआठच्या गतीने जावे.

आदल्या रात्री शेवउसळ आणि फरसाण नको. मऊ खिचडी किंवा वरणभात बरा. सकाळी दोन-अडीच तास आधी तेच खावे, जे लांब पळण्याआधी खाऊन पाहिले आहे. नव्या बुटांचेही तेच, स्पर्धेपूर्वी त्यांतून किमान ४० किलोमीटर झालेले असावेत.

पाणी जितके जास्त प्यावे तितके चांगले, हा गैरसमज फार आहे. तासभराच्या सरावाआधी व सरावानंतर कमी कपड्यांत वजन करावे. अर्धा किलो घट म्हणजे साधारण अर्धा लिटर घाम. तेवढे सगळे वाटेतच भरून काढण्याची गरज नाही. तहानेप्रमाणे थोडे थोडे प्यावे. स्पर्धेच्या वाटेवरच्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी रिचवणाऱ्या, विशेषतः हळू पळणाऱ्या माणसाच्या रक्तातले सोडियम घसरून जिवाला धोका होऊ शकतो. आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळणेही टाळावे. पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा काही गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. चाळिशीपुढच्या, मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असलेल्या मंडळींनी सरावाआधीच तपासणी करून घ्यावी.

आयोजकांना एक विनंती. शेवटच्या पाच किलोमीटरमधल्या पाण्याच्या टेबलांवर स्वयंसेवकांना एवढे तरी शिकवून ठेवा: डोकेदुखी, मळमळ, असंबद्ध बोलणे किंवा झोकांड्या दिसल्या, तर आणखी पाणी पाजू नका, त्या धावपटूला थांबवा आणि लगेच वैद्यकीय पथकाला बोलवा.

आपला,
एक धावणे-प्रशिक्षक, दांडियाबाजार, बडोदे