कोकणातले जिवाणू ऑटोक्लेव्हमध्येच संपू नयेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परीक्षा आटोपल्या की आमच्याकडच्या महाविद्यालयांतल्या मायक्रोबायोलॉजी विभागात एक काम ठरलेले असते. प्रोजेक्ट झाले, गुण पडले, आता जिवाणू वाढवलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात. नोकरीभर हे काम माझ्याच हाताने झाले. भाट्याच्या खाडीतले, मिऱ्याच्या खडकांवरचे, बाजारातल्या माकुलांवरचे (स्क्विडवरचे) जिवाणू मुलांनी महिनोन्‌महिने खपून वेगळे केलेले असतात; १२१ अंशांवर १५ मिनिटांत सगळे साफ. प्लेटा निर्जंतुक करायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण त्याआधी चार चांगले नमुने राखून ठेवायला काय हरकत आहे?

हे जिवाणू वाढवणे फार खर्चाचे नाही. झोबेल मरीन अगारची (समुद्री जिवाणूंच्या घट्ट खाद्याची) तयार पावडर महाग पडते, म्हणून आम्ही समुद्राचे पाणी गाळून काही आठवडे काळोखात ठेवायचो. मग लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १५ ग्रॅम अगार आणि किंचित लोहक्षार. (नळाच्या पाण्यात मीठ टाकले की झाला समुद्र, असे मानणारे शिक्षकही पाहिले आहेत. मॅग्नेशियम, कॅल्शियम कुठून येणार?) एवढे करूनही समुद्रातल्या जिवाणूंपैकी शेकडा एकसुद्धा प्लेटवर उगवत नाही. जे उगवतात तेही आपण फेकतो.

ताजे माकूल खारट पाण्यात थंड जागी ठेवले, तर दुसऱ्या दिवशी काळोखात त्यावर निळसर ठिपके उजळतात; ते प्रकाश देणारे जिवाणू. ती वसाहत अगारवर घेतली की मुले दिवे लावूच देत नाहीत. मात्र तोच जिवाणू दर महिन्याला नव्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या अगारवर) चढवत राहिले, तर उजेड हळूहळू मंदावतो, कधी पुरता जातो. म्हणून तो सुरुवातीलाच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवायचा असतो.

आणि इथेच घोडे अडते. मे २०२१च्या तौक्ते वादळात इकडची वीज गेली आणि फ्रीझरमधल्या वायल (नमुन्यांच्या छोट्या कुप्या) वितळल्या. त्यांतले फार थोडे पुन्हा उगवले. लायोफिलायझर या यंत्रावर नमुना गोठवून सुकवून सीलबंद केलेल्या अँप्यूलला विजेची एवढी भीती नसते, ती वर्षानुवर्षे टिकते. हे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात सर्वांसाठी एक ठेवता येईल. तोवर निदान लोणच्यावर तेल असते तसा निर्जंतुक पॅराफिन तेलाचा थर स्लँटवर द्यावा. बरेच जिवाणू त्याखाली बराच काळ तग धरतात.

निवडक नमुने पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहाकडे पाठवण्याचा प्रयत्न विभागप्रमुखांनी करावा. त्यासाठी नमुना कुठून, कधी घेतला, पाण्याचे तापमान व क्षारता किती, याची वही पहिल्या दिवसापासून हवी. ‘प्रोजेक्ट ३, प्लेट ब’ एवढीच चिठ्ठी असलेली वायल घेऊन कोणी काय करणार?

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी