मेंटेनन्स शिकवणारे सर आधी कुठे काम करत होते, एवढं तरी विचारा साहेब

प्रति,
मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला फिटर. आयटीआय करून आधी चंद्रपूरकडे एका सिमेंट प्लांटमधे ठेकेदाराकडे होतो, मग गावाकडे आलो, आता दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या, मशीनी पाहतो अन् बाकीच्या दिवसात दालमिल, ऑइल मिल जिथं बोलावतील तिथं जातो. माझ्या हाताखाली दरवर्षी आयटीआय झालेले नवीन पोट्टे येतात म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

पोट्टे हुशार आहेत हे आधीच सांगतो, नाही तं लोक म्हणतील आजकालची पिढी अन् मोबाईल वगैरे. तसं काही नाही. फाईल चालवतात, वर्नियर वाचतात, मेल-फिमेल जॉब, म्हणजे एकात एक जाणारे दोन तुकडे, असे बसवतात की फटीतून उजेड दिसत नाही. पण मशीन बंद पडली की कुठून सुरुवात करायची हेच त्यांना कोणी दाखवलेलं नसते. मागच्या सीझनला एक पोट्टा आला, फिटरची दोन वर्षं पूर्ण, मार्क चांगले. त्याला ६३०८ नंबरचं बेअरिंग शाफ्टवर चढवायला सांगितलं तं त्यानं हातोडी घेतली अन् सरळ बाहेरच्या रिंगवर ठोकायला लागला. आता बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच द्यावा लागते, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की तो मार गोळ्यांमधून जाते अन् आतल्या ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात, ते डोळ्यांना दिसत पण नाहीत. बेअरिंग बसते, फिरते, अन् थोड्याच दिवसात आवाज करायला लागते. मी थांबवलं, तेलात गरम करून चढवून दाखवलं, शंभर-एकशेदहा डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही हे पण सांगितलं. मग विचारलं, बाबू, वर्कशॉपमधे कधी बेअरिंग चढवलं का. म्हणे सरांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं, नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, निघते हे पाठ आहे. ते बरोबरच आहे, ०८ गुणिले ५ म्हणजे ४० मिलिमीटर. पण चढवायचं कसं हे सरांना तरी कोणी शिकवलं होतं का?

मी त्या सरांना ओळखतो. माणूस मनापासून शिकवते, पोरांना स्वतःच्या खिशातून ड्रॉइंग शीट आणून देते. पण ते डिप्लोमा झाल्यावर एका कंपनीत क्वालिटीला होते, तयार झालेल्या मालाला गेज लावून पास-फेल करायचे, अन् तिथून शिकवायला आले. बंद पडलेला गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडलाच नाही. यात त्यांची काय चूक? त्यांना घेताना कोणी हे विचारलंच नाही.

नियम आहेत साहेब, मला माहीत आहेत. फिटरच्या अभ्यासक्रमातच छापलेलं आहे की निदेशक, म्हणजे शिकवणारा सर, डिग्रीवाला असला तं एक वर्ष, डिप्लोमावाला असला तं दोन वर्षं अन् आयटीआय किंवा ॲप्रेंटिसवाला असला तं तीन वर्षं कामाचा अनुभव पाहिजे, वर सीआयटीएसचं, म्हणजे शिकवायच्या ट्रेनिंगचं, सर्टिफिकेट पाहिजे, अन् दोन निदेशकांपैकी एक डिग्री-डिप्लोमाचा तं दुसरा आयटीआयमधून आलेला पाहिजे. ज्यानं लिहिलं त्यानं विचार करून लिहिलं, एकाला हिशोब येईल, दुसऱ्याला हात येईल. पण अनुभव कशाचा हे कोण पाहते? कोणी असेंब्ली लाईनवर एकच नट कसत होता, कोणी स्टोअरला होता, कोणी मशीनी विकत होता अन् कोणी रात्रीच्या दोन वाजता ब्रेकडाऊनला गेलेला, कागदावर सगळे सारखेच. २०२२ मधे शिल्प निदेशकांच्या १४५७ जागा निघाल्या, परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. कॉम्प्युटरवर कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का ते, कसं दिसणार साहेब? डायल गेज लावून शाफ्ट फिरवायला दिला असता तं पाच मिनिटात कळलं असतं कोण कुठून आला ते.

आता दुसरी बाजू, अन् ती जास्त वाईट आहे. ज्यांच्याजवळ खरंच अनुभव आहे त्यांच्याजवळ कागद नाही. आमच्याकडचा मिस्त्री सीझनवर काम करते, रोख पैसे घेते, ना पीएफ, ना हजेरीची पावती, ना लेटरहेड. वीस-वीस सीझन डबल रोलर जीन सांभाळलेले लोक आहेत, चाकूचं सेटिंग नुसतं सरकी कशी पडते ते पाहून सांगतात, रोलरचं चामडं कधी घासलं हे रुईच्या रंगावरून ओळखतात. तीन मोटरबेल्टपैकी एक तुटला तं तिघंही बदला, नाही तं नवीन एकट्यावर सगळा लोड येते अन् तो आधी तुटते, हे ते पहिल्याच दिवशी सांगतात. अन् त्याच्या आधी हे सांगतात की मेन स्विच पाड, फ्यूज काढून खिशात ठेव, मगच हात घाल. जिनिंगमधे ज्यांची बोटं गेली त्यांच्या घरी जाऊन पाहा म्हणजे हा धडा कोणी शिकवला पाहिजे ते कळेल. पण हा माणूस तुमच्या फॉर्ममधे तीन वर्षांचा अनुभव दाखवूच शकत नाही, अन् सीआयटीएस करायला वर्षभर घर सोडून जाणं त्याला परवडत नाही, चूल कोण पेटवणार?

अन् विदर्भात अशा लोकांचा तोटा नाही हो. गोंदिया-भंडाऱ्याला राईस मिल, अकोल्याला दालमिल, वर्धा-यवतमाळला जिनिंग, चंद्रपूरला सिमेंट अन् कोळसा, कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूरचे थर्मल. या थर्मलमधून अन् वेकोलिच्या कोळसा खाणीतून दरवर्षी मेंटेनन्सचे फिटर रिटायर होतात, त्यांच्याजवळ तं कागद पण आहे. टर्बाइनचं, कन्व्हेयरचं, पंपाचं काम जन्मभर केलेला माणूस घरी बसून राहते अन् पाच-दहा किलोमीटरवरच्या आयटीआयमधे पद रिकामं किंवा तासिकेवर कोणीतरी नुकतंच पास झालेलं पोरगं.

केंद्रानं आता आयटीआय सुधारायला पीएम-सेतू योजना आणली, ६०,००० कोटी, १,००० आयटीआय, चांगलंच आहे. त्यात शिकवणाऱ्यांना शिकवायला पाच एनएसटीआय, म्हणजे केंद्राच्या ट्रेनिंग संस्था, वाढवणार, भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. महाराष्ट्रातलं एकही नाही. म्हणजे आमच्या तालुक्याच्या सरांनी कुठं जायचं? मुंबईचं एनएसटीआय चुनाभट्टीला आहे, ते पण आमच्यासाठी एक रात्र गाडीत. अन् नागपूरला वाडीजवळ सिरकॉटचं, म्हणजे केंद्राच्या कापूस संशोधन संस्थेचं, जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहेच, तिथं जिनिंगचे फिटर शिकतात, तिथं आमचे निदेशक का नाही पाठवत? नवीन मशीनी येतील, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी येईल, प्लास्टिकच्या कव्हरखाली राहील, कारण बंद पडली तं उघडायची हिंमत कोणाची नाही. मी आतून पाहिलं आहे, म्हणून बोलून राहिलो.

माझं मागणं साधं आहे. निदेशकाची भरती करताना मेंटेनन्सच्या विषयाला हाताची परीक्षा घ्या, जुनी मशीन समोर ठेवा, बिघाड शोधायला लावा. जो मिस्त्री त्यात पास होईल त्याला अनुभवाचा कागद सरकारनंच द्या, तासिकेवर घ्या अन् सीआयटीएस नोकरी करता करता नागपूर-अमरावतीतच करू द्या. जे सर आधीपासून आहेत त्यांना कमी लेखू नका, दरवर्षी सीझनमधे महिनाभर जिनिंगमधे, राईस मिलमधे ड्युटी म्हणून पाठवा, पगार कापू नका, मालक लोक नाही म्हणणार नाहीत, मी स्वतः चार जणांशी बोललो आहे. अन् प्रत्येक आयटीआयच्या बोर्डावर निदेशकाच्या नावापुढे शिक्षणासोबत हे पण लिहा की त्यांनी कुठल्या मशीनींवर किती वर्षं काम केलं. बाप पोराला टाकायला येते तेव्हा तो बोर्ड वाचते साहेब, तो अडाणी नाही.

ऑगस्टमधे नवीन बॅच बसते. बाकीचं राहिलं तं राहू द्या, पण तो बोर्ड अन् रिटायर फिटरांची तासिकेवरची नेमणूक एवढ्या दोन गोष्टींना नवीन इमारत लागत नाही, तुमची एक सही लागते. ती ऑगस्टच्या आधी करा.

आपला,
एक फिटर, जि. यवतमाळ