विषय: ड्रममध्ये चालणारे आणि नदीत मान टाकणारे तुमचे इंजिन, घेतलेले ₹४,८५० परत करणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर माझी २६ मिनिटे गेली, त्यातली १४ बासरी ऐकण्यात. हा सहावा फोन होता. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

होडीचे इंजिन तुमचेच. ८ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, २००४ साली रोख पैसे मोजून घेतलेले. शापोरा नदीत जाळी टाकायला वापरतो. दुखणे असे: दोरी ओढली की दुसऱ्या झटक्याला सुरू, अर्ध्या थ्रॉटलवर शहाण्या मुलासारखे चालते. पूर्ण थ्रॉटल दिला की चार-पाच मिनिटांत दम जातो, आवाज बसतो. त्याच वेळी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा हाताने दाबत राहिले की पुन्हा उठते. हात काढला की परत मेले.

इंजिन तुम्ही बनवले आहे, त्यामुळे याचा अर्थ मी तुम्हाला शिकवायला नको. तरी मी सगळे बघितले होते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळी नवी, फिल्टर साफ, दोन्ही प्लग सारखेच तपकिरी, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे. राहिला इंजिनातला, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप आणि त्यातला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा. हे मी तुमच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिले, "पंप उघडून बघा" असे, खाली रेघ मारून.

नऊ दिवसांनी इंजिन मिळाले. कॉइल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, बिल ₹४,८५०. पंपाला पाना लावलेला नाही. स्क्रूवरचा जुना रंगसुद्धा तसाच. शेरा: "ड्रममध्ये टेस्ट केले, ओके."

ड्रममध्ये ओके असणारच! पाण्याच्या ड्रममध्ये इंजिनाला होडी ओढायची नसते. पूर्ण थ्रॉटल तिथे देताच येत नाही, अर्धे पाणी अंगावर येते. मी ड्रममध्ये मासे धरत नाही.

तिसऱ्या दिवशी, जुलैत, नदीच्या मुखाजवळ ते पुन्हा बसले. ओहोटी लागलेली, पुढे रेतीचा बांध आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. होडी बाहेर खेचली जात होती. भाच्याने गोळा दोन्ही हातांत धरला आणि धक्क्याला लागेपर्यंत दाबत राहिला. एक हात थकला की दुसरा, मग गुडघ्याखाली धरून. बोलला काहीच नाही. धक्क्यावर उतरल्यावर त्याला चहाचा कप धरता येईना, बोटे मिटत नव्हती.

आता कालचा फोन. मी हे सगळे सांगितले. पलीकडच्या मुलाने पहिल्यांदा गाडीचा नंबर विचारला. गाडी नाही, होडीचे इंजिन आहे म्हटल्यावर शेवटचे सर्व्हिसिंग किती किलोमीटरला केले ते विचारले. मी गप्प. मग त्याला कुठून तरी माझे जॉब कार्ड सापडले.

"सर, ड्रममध्ये तर ओके दाखवतंय."

"नदीत चालत नाही."

"म्हणजे सर, पाण्यात नेल्यावरच असं होतं का?"

"हो. पाण्यात."

"मग सर, प्रॉब्लेम बोटीत असेल. बोट आपलं प्रॉडक्ट नाही."

मी डायफ्रॅमचे नाव काढले. तो म्हणाला, मॉडेल जुने आहे, सुटा डायफ्रॅम मिळणार नाही, "सर, नवीन इंजिनवर सध्या एक्स्चेंज ऑफर आहे." आणि फोन ठेवण्याआधी, माझे समाधान झाले असेल तर ५ दाबा. मी दाबले. रबरी गोळा दाबायची सवय झाली आहे ना!

महोदय, पाण्यात नेल्यावरच बिघडणारे होडीचे इंजिन ही तक्रार तुमच्याकडे कोणत्या खात्यात घेतात तेवढे कळवा.

आज सकाळी पंप मीच उघडला. चार स्क्रू. डायफ्रॅम पापडासारखा ताठ, कडेला केसाएवढी चीर. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, जुन्या रबराला ते मानवत नाही, हे आमच्या धक्क्यावरचा पोरगाही सांगेल. डायफ्रॅम आणि गॅस्केटचा संच बेतीला एका छोट्या दुकानात मिळाला, ₹३८०. "सुटा मिळणार नाही" तो हाच. बसवला आणि इंजिन वीस मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर चालवले. नदीत चालवले, ड्रममध्ये नाही.

जून-जुलैत ट्रॉलर बांधलेले असतात आणि १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या आमच्यासारख्या होड्यांनाच जाळी टाकायची मुभा असते. त्यातले नऊ दिवस तुमच्या सर्व्हिस सेंटरने खाल्ले, वर न लागणारी कॉइल माझ्या गळ्यात मारली. ₹४,८५० पंधरा दिवसांत परत करा. नाहीतर पर्वरीच्या ग्राहक आयोगात भेटू. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, आणि वेळ मी काढेन.

वाईट याचेच वाटते की हे इंजिन खरोखर चांगले आहे. एकवीस वर्षे चालले. गावात तीन जणांनी माझे बघून तुमचेच घेतले. भाच्याला पुढल्या वर्षी नवे घ्यायचे आहे. त्याने मला विचारले, मी काही बोललो नाही.

आपला (अजून तरी) ग्राहक,
पेडणे तालुका, गोवा

सोबत: जॉब कार्ड व बिलाची प्रत, आणि फाटलेला डायफ्रॅम. तुमच्या इंजिनिअरांना दाखवा. ड्रममध्ये घालून बघितला तरी चालेल.