कँडलमासला एका ओळीत उरकू नका

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्वीडनच्या मेटल संगीतावर पानभर लेख आला, मराठी पेपरात हे वाचायला मिळालं याचा आनंद खरंच खूप झाला, कारण एरवी स्वीडन म्हटलं की आपल्याकडे आबा या पॉप बँडच्या पुढे गाडी जात नाही. पण त्या पानभर मजकुरात स्टॉकहोमच्या कँडलमास या बँडच्या वाट्याला एकच ओळ आलीय, आणि ती ओळ म्हणते की गायक सारखे बदलत राहिल्यामुळे हा बँड कधी मोठा होऊ शकला नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहायला बसलोय, पत्र लांबलं तर कापा पण मधला भाग कापू नका.

कँडलमास कळायला गायकांची यादी उपयोगाची नाही, लेइफ एडलिंग हे नाव लागतं, आणि नेमकं तेच नाव लेखात कुठेच नाही. हा माणूस बास गिटार वाजवतो आणि बँडची जवळपास सगळी गाणी लिहितो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा नेमेसिस नावाचा छोटा बँड होता, त्यात तो बास वाजवायचा आणि गायचाही, १९८४ मध्ये त्यातूनच कँडलमास उभा राहिला. तो ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश मेटल बँडचा वेडा भक्त. त्याला तसलंच जड, संथ, काळंकुट्ट काहीतरी करायचं होतं, आणि ते पण कधी, तर सगळं जग उलट्या दिशेला पळत असताना.

१९८६ साल बघा ना. अमेरिकेत मेटालिका आणि स्लेयर वेगाची हद्द गाठत होते, जो तो आपण दुसऱ्यापेक्षा किती फास्ट वाजवतो हे दाखवायच्या मागे. स्वीडनमध्ये युरोप नावाचा बँड, स्टॉकहोमजवळच्याच उप्लांड्स वेस्बी गावातला, त्याचं द फायनल काउंटडाउन त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, कीबोर्डची ती धून आजही कुठल्याही मॅचला ऐकू येते. आणि त्याच वर्षी कँडलमासचा पहिला अल्बम आला, एपिकस डूमिकस मेटॅलिकस. फक्त सहा गाणी, एकही घाईत नाही. रेकॉर्डिंग स्टॉकहोमच्या थंडरलोड स्टुडिओत झालं, हेवी लोड या जुन्या स्वीडिश बँडचा तो स्टुडिओ. कव्हरवर एक कवटी. आणि माइकसमोर जो उभा होता तो योहान लेंगक्विस्ट बँडचा मेंबर नव्हताच, पाहुणा म्हणून आला, गायला आणि गेला. लीड गिटारवालासुद्धा पाहुणाच.

त्यातलं पहिलं गाणं सॉलिट्यूड. एकदा दिवे बंद करून ऐका. सुरुवातीला नुसती हळू छेडलेली गिटार आणि लेंगक्विस्टचा आवाज, जगण्याला कंटाळलेला एकटा माणूस बोलतोय, ओरडत नाही, रडत नाही, सांगतोय फक्त. मग तो मुख्य रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, पडतो. पडतो हाच शब्द बरोबर, कारण प्रत्येक सूर खाली येऊन थांबतो, आणि पुढचा यायच्या आधी जी जागा सुटते तिच्यात सगळी मजा आहे. ड्रमरला तिथे भरून टाकायचा मोह होणारच, काहीतरी वाजवायचं, हात मोकळे कशाला ठेवायचे, पण तो तसं करत नाही. आपल्याकडे विलंबित गाणाऱ्याला विचारा की मधली जागा रिकामी ठेवून लय सुटू न देणं किती कठीण असतं, तो सांगेल. संथ वाजवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तर मी हे गाणं हट्टाने लावतो.

अल्बम चालला नाही. ब्लॅक ड्रॅगन नावाच्या फ्रेंच कंपनीने तो काढला होता, विक्री बघून तिने वर्ष संपेपर्यंत बँडला सोडून दिलं. आणि आज? एपिक डूम, म्हणजे मेटलमधला संथ, खिन्न आणि भव्य असा हा जो सगळा प्रकार लोक मानतात त्याचं मूळ शोधत गेलं की माणूस याच रेकॉर्डपाशी येऊन थांबतो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या विक्रीवरून मोठा-छोटा ठरवायचं तर हा बँड १९८६ मध्येच संपला होता, आणि मग आपण ह्यावर बोलतच नसतो.

कंपनी गेली, गायकही नव्हता, तरी एडलिंगने वर्षभरात दुसरा अल्बम उभा केला. १९८७ चा नाइटफॉल. इथे मेसाया मार्कोलिन आला, धिप्पाड देह, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल, अंगात ख्रिस्ती साधूचा झगा, आणि आवाज असा की सूर धरला की तो थरथरत थरथरत पार छतापर्यंत जातो. बहुतेकांच्या डोक्यात कँडलमास म्हणजे हाच माणूस, आणि त्यात काही चूक नाही, वेल ऑफ सोल्स किंवा बिविच्ड ऐकल्यावर दुसरं काय होणार. लार्स योहान्सनची लीड गिटार आणि यान लिंडचे ड्रम्स पण इथूनच सुरू झाले, रिदम गिटारला माट्स बियोर्कमन पहिल्यापासून होताच. ही पाच जणांची टीम जमली ती जमली. कव्हरला थॉमस कोल या १९व्या शतकातल्या अमेरिकन चित्रकाराचं चित्र घेतलं, आयुष्याच्या प्रवासावर त्याची चार चित्रांची मालिका आहे त्यातलं म्हातारपणाचं, अंधाऱ्या पाण्यात नाव आणि वर ढगांतून फुटलेला उजेड. मधे संगीतकार शोपँचं फ्युनरल मार्च, म्हणजे अंत्ययात्रेची धून, गिटारवर वाजवलंय. पुढच्या वर्षी एन्शंट ड्रीम्स या अल्बमच्या कव्हरला त्याच मालिकेतलं तारुण्याचं चित्र. म्हणजे आधी म्हातारपण आणि मग तारुण्य, ह्या उलट्या क्रमावर मी बऱ्याचदा विचार करत बसतो.

१९८९ च्या टेल्स ऑफ क्रिएशनकडे मात्र जरा नीट लक्ष द्या कारण तुमच्या लेखातल्या त्या ओळीला उत्तर तिथेच आहे. त्या अल्बममध्ये अंडर द ओक हे गाणं आहे, आणि तेच गाणं पहिल्या अल्बमवर पण आहे. तिकडे लेंगक्विस्ट गातो, इकडे मार्कोलिन. दोन्ही एकामागे एक लावा. लेंगक्विस्ट जमिनीवर उभा राहून गातो, आवाजात माती आहे, थोडा खरखरीत, मार्कोलिन तेच गाणं उचलून चर्चच्या घुमटात नेतो. कोण चांगला यावर लोक अजून भांडतात आणि भांडू देत, मला स्वतःला लेंगक्विस्टचंच जास्त आवडतं, पण मुद्दा हा की दोन्हीकडे गाणं तसंच्या तसं उभं आहे. गायक बदलल्यावर जे गाणं ढासळत नाही ते ज्याने लिहिलं त्याच्याकडे बघायला नको का? आणि याच अल्बममध्ये इनटू द अनफॅदम्ड टॉवर नावाचा एक नुसता वाद्यांचा तुकडा आहे, सुसाट, योहान्सनची बोटं तिथे दिसतच नसतील, म्हणजे फास्ट वाजवता येत नाही म्हणून हे लोक संथ वाजवतात असं कोणी म्हणूच शकत नाही.

जून १९९० मध्ये त्यांनी स्टॉकहोमच्या फ्रीसहुसेटमध्ये लाइव्ह अल्बम रेकॉर्ड केला. ही जागा मुद्दाम सांगतोय. बंदराजवळचं एक जुनं शीतगृह होतं, १९८४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी कँडलमास सुरू झाला त्याच वर्षी, तिथे तरुण मुलांसाठी केंद्र काढलं, बास्केटबॉल आणि बँडच्या प्रॅक्टिसच्या खोल्या. स्वीडनमधून एवढं संगीत का येतं असा प्रश्न तुमच्या लेखात विचारलाय आणि थंडी, अंधार, व्हायकिंग अशी उत्तरं दिलीत, पण अंधार तर फिनलंड, रशिया, कॅनडा सगळीकडेच आहे. तिथल्या नगरपालिकांच्या संगीतशाळा, मुलांच्या बँडना प्रॅक्टिसला जागा आणि थोडे पैसे देणारी अभ्यासमंडळं, फ्रीसहुसेटसारखी केंद्रं, हे खरं कारण मला वाटतं. महागडे अँप आणि ड्रमसेट घरात ठेवून रोज वाजवणं कुणाला परवडणार आणि शेजारी तरी किती दिवस ऐकून घेतील. यावर वेगळा लेख नक्की करा.

१९९१ मध्ये मार्कोलिन गेला. थॉमस विकस्ट्रोम आला, ऑपेरा गायकाचा मुलगा, गळा उत्तम, १९९२ चा चॅप्टर सिक्स पण वाईट नाही, फक्त त्यावर वेग जरा वाढला आणि डूम कमी झाला. १९९४ मध्ये बँड फुटला. मग एडलिंगने अब्स्ट्राक्ट अल्जेब्रा नावाचा दुसरा बँड केला, तो काही टिकला नाही, पण त्यासाठी जमवलेल्या संगीतातूनच १९९८ मध्ये डॅक्टिलिस ग्लोमेराटा आला, पुन्हा कँडलमासच्या नावाने, गायला ब्योर्न फ्लॉडक्विस्ट आणि गिटारला आर्च एनिमी या स्वीडिश मेटल बँडचा मायकल अ‍ॅमॉट. त्याच्या पुढच्याच वर्षी अजून एक. ही दोन मला फारशी जवळची नाहीत, इथे पुढे जातो.

२००२ मध्ये जुने पाचही जण एकत्र आले, आणि २००५ चा अल्बम, ज्याला नुसतं बँडचंच नाव आहे, त्याला ग्रॅमिस हे स्वीडनचं संगीत पारितोषिक मिळालं. मग वर्षभरात मार्कोलिन परत गेला. इथे कोणीही हात टेकले असते, पण टेक्सासच्या सॉलिट्यूड एटर्नस या डूम बँडचा गायक रॉबर्ट लो आला आणि २००७ चा किंग ऑफ द ग्रे आयलंड्स, २००९ चा डेथ मॅजिक डूम असे एकाहून एक अल्बम निघाले, त्यातला दुसरा तर मी अजूनही वरचेवर ऐकतो. २०१२ चा साम्स फॉर द डेड शेवटचा असं बँडने स्वतःच जाहीर केलं. लो बाहेर पडला, माट्स लेवेन गायला लागला. त्यात एडलिंगलाच क्रॉनिक फटीग सिंड्रोम झाला, काही वर्षं त्याला टूर करणं अशक्य झालं, स्वतःच्या बँडची गाणी दुसरा बासवाला वाजवतोय आणि आपण घरी, ह्याची नुसती कल्पना केली तरी कसंतरी होतं. पण लिहिणं थांबलं नाही.

आणि मग २०१८. लेंगक्विस्ट परत आला. जो १९८६ मध्ये पाहुणा म्हणून सहा गाणी गाऊन गेला होता, तो ३२ वर्षांनी बँडचा कायमचा गायक झाला. २०१९ मध्ये द डोअर टू डूम आला. आवाज वयाने भरलाय, थोडा फाटलाय, आणि ह्या गाण्यांना ते इतकं शोभतं की विचारू नका. त्यावर अ‍ॅस्टोरोलस नावाचं गाणं आहे, त्यात सोलो वाजवलाय टोनी आयोमीने. ब्लॅक सॅबथचा आयोमी, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १७व्या वर्षी मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली म्हणून बोटांवर टोप्या बसवून वाजवायला लागला, पुढे तारा ढिल्या करून खालचा जड सूर काढायला लागला, ज्या सुरामागे एडलिंग पोरगेलेपणापासून लागला होता तो हाच. आता तोच माणूस ह्याच्या गाण्यात येऊन वाजवतो. २०२० च्या ग्रॅमीत बेस्ट मेटल परफॉर्मन्सला ह्या गाण्याचं नॉमिनेशन झालं. बक्षीस टूल बँडला मिळालं, मिळू दे, पण १९८६ मध्ये कंपनीने सोडून दिलेला हा बँड तिथे पहिल्या अल्बमचा आवाज घेऊन पोचला होता. २०२२ मध्ये स्वीट ईव्हिल सन आला, गायला लेंगक्विस्टच.

तर संपादक साहेब, गायक बदलले हे खरंय, मी वर एकेकाचं नाव दिलंयच. पण त्यातल्या प्रत्येकाला गायला गाणी एडलिंग देत होता आणि त्या गाण्यांनी दिशा फार सोडली नाही, फॅशन कधी ग्रंज होती कधी आणखी काही, हा आपला संथच. मोठा होऊ शकला नाही म्हणजे नेमकं काय ते लेखकाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्टेडियम भरली नाहीत म्हणायचं असेल तर मान्य, पण जगात जिथे कुठे चार पोरं एकत्र येऊन गिटारच्या तारा ढिल्या करून संथ, दुःखी आणि भव्य काहीतरी वाजवायला बघतात तिथे सॉलिट्यूडचा रिफ कोणीतरी वाजवून दाखवतोच.

ज्यांनी काहीच ऐकलं नाही त्यांनी आधी पहिला अल्बम ऐका, मग नाइटफॉल, मग थेट द डोअर टू डूम. मधलं नंतर बघता येईल. आणि लेखाचा पुढचा भाग येणार असं खाली छापलंय, त्यात लेइफ एडलिंग हे नाव येऊ द्या, पूर्ण नाव, आणि जमलं तर त्याचा एखादा फोटो.

आपला नियमित वाचक