१७४४ च्या आधीचा नज्द: सौदी अरेबियाच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
अस्सलामु अलैकुम.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी आखातात नोकरीला गेलेलं असतं, त्यामुळे रियाध आम्हाला परकं नाही. पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय, कारण हा वाद आमच्या मोहल्ल्यातही चालतो. दर्ग्यावर फातिहा पढावी का, उरूस भरवावा का, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. आणि मग कुणीतरी शेवटचा हुकमी पत्ता टाकतो: अठराव्या शतकात वहाबी चळवळ सुरू करणारे शेख मुहम्मद बिन अब्दुल वहाब येण्याआधी नज्दमध्ये, म्हणजे रियाधभोवतीच्या मध्य अरबस्तानात, दीन (धर्म) उरलाच नव्हता, लोक झाडं पुजत होते.

हे चित्र मुख्यतः हुसेन इब्न गन्नाम (मृत्यू १८११) आणि उस्मान इब्न बिश्र (मृत्यू १८७३) यांच्या बखरींतून आलं. इब्न गन्नाम अल-अहसाचा. सौद घराण्याची राजधानी असलेल्या दिरियाला येऊन शेखांच्या चळवळीच्या बाजूने लिहिणारा. तो सांगतो, लग्न रखडलेल्या बायका एका नर खजुराला मिठी मारून नवरा मागत. जुबैला इथे खलिफा उमर यांचे भाऊ जैद बिन अल-खत्ताब यांच्या कबरीवर घुमट होता. तिथे लोक गाऱ्हाणी घालत. शेखांनी उयैनाच्या अमीराला बरोबर घेऊन तो पाडला. या प्रथा नव्हत्याच असं मी म्हणत नाही. पण तेवढाच नज्द होता का?

नज्दमधल्या उशैकिर गावात हिजरी ७४७ (इ.स. १३४६-४७) मधला वक्फनामा, म्हणजे धर्मादाय दानपत्र, सापडतो. उयैनाचे अहमद बिन अतवा हंबली फिक्ह (इस्लामी कायद्याची एक परंपरा) शिकायला दमास्कसला गेले आणि परत येऊन त्यांनी शिष्य घडवले. ते वारले १५४२ च्या सुमारास, म्हणजे शेखांच्या जन्माआधी दीडशेहून जास्त वर्षं. शेखांचे आजोबा सुलेमान बिन अली नज्दमधले नावाजलेले आलिम (धर्मपंडित), वडील काझी. जिथे दीनच नव्हता, तिथे काझी कुणाचे निवाडे करत होते? अहमद अल-मनकूर (मृत्यू १७१३) यांच्या त्रोटक नोंदी वाचाव्यात. कुठे दुष्काळ पडला, कुठे टोळधाड आली, कोणत्या गावात कोणाचा खून झाला, कोण आलिम वारले. पोटापाण्याने आणि भाऊबंदकीने गांजलेला मुलूख त्यात दिसतो, पण तो मुसलमानांचाच आहे.

सगळ्यात बोलका साक्षीदार शेखांच्या घरातलाच आहे. त्यांचे सख्खे भाऊ सुलेमान यांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं. या प्रथा घडतच नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की कबरींवर जाणं, नवस बोलणं हे मुसलमानांच्या मुलखांत शतकानुशतकं चालत आलंय आणि आधीच्या इमामांनी तेवढ्यावरून कुणाला इस्लामबाहेर काढलं नाही. खरा वाद इथे होता, आणि तो दोन आलिमांमधला होता. एका बाजूला ज्ञान नि दुसऱ्या बाजूला अंधार, असा तो नव्हताच. आमच्या मोहल्ल्यात ही गोष्ट कधी पोचलीच नाही.

मंत्रिमहोदय, २०२२ पासून आपलं राज्य २२ फेब्रुवारीला स्थापना दिन पाळतं आणि राज्याची सुरुवात १७२७ पासून धरतं. शेख आणि दिरियाचे सत्ताधीश इमाम मुहम्मद बिन सौद यांचा एकमेकांना साथ देण्याचा करार १७४४ चा. म्हणजे सतरा वर्षं हे राज्य, आपल्याच हिशेबाने, त्या करारावाचून उभं होतं. ज्या लोकांवर ते उभं होतं, त्यांना जाहिलियातले (इस्लामपूर्व अज्ञानकाळातले) म्हणायचं की आपले पूर्वज, हे आता सरळ सांगायला हवं.

दिरियाचा तुरैफ भाग २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे; जगभरातून माणसं तिथे येतात. तिथे १७४४ आधीच्या नज्दसाठी एक स्वतंत्र दालन करावं. इब्न गन्नामचं पान ठेवाच, पण शेजारी उशैकिरचे दस्तऐवज, मनकूरच्या नोंदी आणि भावाचा आक्षेपही ठेवा. रियाधच्या किंग अब्दुलअजीज संस्थेकडे, म्हणजे दाराकडे, अशा कागदांवर काम करणारी माणसं आहेत. हा सगळा संग्रह उर्दू, मलयाळम आणि बंगालीत खुला करावा. आपल्या देशात राबणारे लाखो लोक या भाषा वाचतात. सुट्टीवर गावी येताना ते खजूर आणि अत्तराबरोबर नज्दची एकच बाजू घेऊन येतात, आणि इथे तिच्यावरून घरं दुभंगतात.

आपला नम्र,
कोकणातील एक वाचक