तिकीट काढून पाहिलेली चाळ

न्यूयॉर्क, रविवार

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी तिकीट काढून चक्क चाळ बघून आले. अण्णांना सांगू नकोस, म्हणतील पैसे जास्त झालेत. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटला आहे ही. इथे तिला टेनेमेंट म्हणतात. लुकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने १८६३ मध्ये बांधली. आता तिचं म्युझियम केलंय.

मजल्यावर चार बिऱ्हाडं, प्रत्येकाला तीन खोल्या. तीन म्हटल्यावर हुरळून जाऊ नकोस, सगळ्या मिळून ३२५ चौरस फूट! बाहेरचा उजेड एकाच खोलीला. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली अंधारी. संडास मागच्या अंगणात. १९०१ च्या कायद्यानंतर ते आत आले, मजल्यावर दोन. चार घरांत दोन ऐकून बाकीचे लोक चुकचुकले. मी मनात म्हटलं, आमच्यापेक्षा बरं की! उजेडासाठी आतल्या भिंतींना खिडक्याही पाडल्यात. घरातल्या घरात खिडकी, स्वयंपाकघरातून थेट पुढच्या खोलीत डोकवायला.

एका बिऱ्हाडात मात्र माझा पाय अडला. नाताली गुम्पर्ट्झ म्हणून जर्मन ज्यू बाई. १८७४ मध्ये नवरा घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पदरी लहान मुलं. मग बायकांचे कपडे शिवून तिने घर चालवलं. १८८३ मध्ये सासऱ्याच्या मागे नवऱ्याच्या वाट्याला ६०० डॉलर आले. पण ते हिला मिळायचे तर नवरा मेला असं कोर्टाकडून ठरवून घ्यायला हवं. घेतलं तिने. त्या सकाळी काय वाटलं असेल गं तिला? तिचं शिवणकाम पुढच्या खोलीत मांडून ठेवलंय. उजेड तिथेच ना. मला गॅलरीकडच्या खिडकीशी मशीनवर वाकलेली तू दिसलीस, तोंडात टाचण्या धरून आम्हाला दटावणारी.

१९३५ मध्ये नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त्या करायच्या सोडून मालकाने भाडेकरूच बाहेर काढले. खाली दुकानं चालू, वरचे मजले बंद. थेट १९८८ मध्ये म्युझियमवाल्यांना ती तशीच सापडली, भिंतीवर वॉलपेपरचे थरावर थर. तोवर तिथे सुमारे ७,००० माणसं राहून गेली होती. जिन्याचा लाकडी कठडा हातांनी गुळगुळीत झालाय, आपल्यासारखाच.

आपल्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं? खोली रिकामी करताना भांडी, ट्रंका कोणाला द्यायच्या त्या दे. मशीन तेवढं भंगारवाल्याला घालू नकोस. पट्टा तुटलाय हे ठाऊक आहे मला. डिसेंबरात येतेय, तेव्हा बघू. दादाच्या घरी माळ्यावर जागा आहे, त्याच्याशी मी बोलते.

तुझी,
छोटी